गुरांच्या डॉक्टरची काळी मोटारसायकल

गुरांचा डॉक्टर एर्गाझी याला जनावरांची किळस कधी आली नाही. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तो तास तास उभा राही, पिकलेले गळू फोडताना तोंड फिरवत नसे, आणि मेंढीचा सडका खूर नाकाशी नेऊन दुखणे किती दिवसांचे आहे ते वासावरून सांगे. किळस त्याला यायची ती माणसांची. मेजवानीत सगळ्यांच्या आधी ताटात हात घालून चरबीचा तुकडा पळवणारा, बोलता बोलता दुसऱ्याच्या बाहीला बोटे पुसणारा, आजारी घोडा विकून वर "माझ्याकडे होता तोवर ठणठणीत होता" म्हणणारा माणूस दिसला, की एर्गाझीचा वरचा ओठ आपोआप नाकाकडे उचलला जाई.

त्याची बायको बाल्किया म्हणे, "डॉक्टर, तोंड सरळ करा. समोर माणूस आहे, जंत नाही."

"जंत बरा," एर्गाझी म्हणे. "तो औषधानं पडतो तरी."

तासबुलाक हे त्याचे गाव. त्या कझाक माळावर गावे थोडी आणि गुराखी लांब लांब विखुरलेले. एर्गाझीकडे तीन गावे आणि मेंढपाळांचे सोळा तळ होते. सर्वांत दूरचा अक्साईचा तळ सत्तेचाळीस किलोमीटरवर, वाट सगळी मातीची. एकोणतीस वर्षे तो एकाच मोटारसायकलवरून हिंडला. बाजूला डबा जोडलेली जुनी, जड, रशियन बनावटीची होती ती. त्या डब्यातून औषधांची पेटी गेली, अडकलेली कोकरे गेली, आणि एकदा गावातली सर्वांत म्हातारी कानशायिम आपा इस्पितळापर्यंत बसून गेली. मार्च महिन्यात गोठलेल्या चाकोरीवर आदळून इंजिनाचे खालचे भांडे फुटले. बर्फावर पसरलेला तेलाचा काळा डाग एर्गाझी बराच वेळ बघत उभा राहिला. हे जनावर आता उठणार नाही, हे त्याला कळले.

घोड्यावर बसणे त्याला शक्य नव्हते. एका घोडीने लाथ मारून त्याचे खुब्याचे हाड कायमचे अधू केले होते. मग कोणाच्या ट्रॅक्टरवर, कोणाच्या दुधाच्या गाडीत, अशी त्याची फिरती सुरू झाली. एप्रिलमध्ये अक्साईहून निरोप आला तेव्हा त्याला तिथे पोहोचायला तीन दिवस लागले. तोवर अकरा मेंढ्या मेल्या होत्या.  मेंढपाळाने नुसता चहा पुढे केला. एर्गाझीला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली. पुन्हा असे उशिरा जावे लागले तर आपण हे काम सोडून द्यायचे, असे त्याने परत येताना बाल्कियाला सांगितले.

"आणि सोडून करणार काय?" ती म्हणाली. "घरात बसून माझ्याकडे बघून ओठ उचलणार?"

त्याच महिन्याच्या शेवटी कुआंदिकची पांढऱ्या कपाळाची घोडी अडली. कुआंदिक गावातला सर्वांत मोठा कळपवाला. त्याचे घर दुमजली होते आणि फाटकावर सोनेरी दातांचे दोन पत्र्याचे सिंह होते. त्या सिंहांकडे बघावे लागू नये म्हणून एर्गाझी एरवी मागच्या बाजूने आत जाई. शिंगराचा पुढचा पाय मागे दुमडलेला होता. दोन तास घोडीच्या पोटात हात घालून एर्गाझीने तो बोटाबोटाने सरळ केला, आणि शिंगरू जिवंत बाहेर आले.

कुआंदिक रडला. त्याचे रडणेही मोठे होते, सगळ्या आवाराला ऐकू जाणारे. "एरेके," मोठ्या माणसाला देतात तशी त्याने एर्गाझीच्या नावाला मानाची घडी घातली, "पहिल्या कुमिसाच्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांदेखत झगा चढवणार आणि वाहनावर बसवणार! पूर्वी आमचे बापजादे घोडा द्यायचे. तुम्हाला घोडा चालत नाही, मग माझ्या छपरात दोन मोटारसायकली उभ्या आहेत. त्यातली कुठली ते तुम्ही सांगायचं!"

कुमिस म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध. दर मे महिन्यात घोड्या पहिल्यांदा धारेला बांधल्या, की त्या दुधाची मेजवानी होते. त्या दिवसाला पंधरा दिवस होते.

बातमी गावभर व्हायला दुपारसुद्धा लागली नाही. संध्याकाळच्या चहाला बेकझात हजर झाला.

बेकझात एर्गाझीच्या बहिणीचा, झिबाशचा मुलगा. वय छत्तीस. झिबाश जाऊन अकरा वर्षे झाली होती. भाच्याने आयुष्यात तीन वेळा मामाच्या घरून जे मागेल ते मामाने द्यावे, नाही म्हणू नये, असा त्या लोकांत रिवाज आहे. भाच्याला जो दुखावतो त्याचे हात पुढे थरथरायला लागतात, असेही म्हातारी माणसे सांगतात. बेकझातने पहिल्या मागणीत एर्गाझीची शिकारी कुत्री नेली होती. उन्हाळ्यात ट्रकखाली बांधून ठेवून तो पाणी द्यायला विसरला, आणि ती तिथेच मेली. दुसऱ्या मागणीत त्याने एर्गाझीच्या वडिलांचे चांदीने मढवलेले खोगीर नेले. पुढे एकदा कारागांदी शहराच्या रस्त्यावर एर्गाझी एका खानावळीत जेवायला थांबला, तर ते खोगीर भिंतीवर शोभेला टांगलेले, चांदी उचकटलेली आणि खाली माशांची रांग. त्याने ताट तसेच ठेवले आणि बाहेर येऊन ओकला.

एक मागणे अजून शिल्लक होते.

बाल्कियाने बेकझातच्या पुढे चहाचा पेला ठेवला, अगदी काठोकाठ भरून. तिकडे पाहुण्याला पेला अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो, गप्पा लांबतात. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. बेकझातने वाकून, पेला न उचलताच, त्यावर ओठ लावून चहा फुर्रकन ओढला.

"मामी, अजून घाला," तो म्हणाला. "मामा, लालच घ्यायची हं! कुआंदिकच्या पोरानं शहरातून आणलेली. काय मशीन आहे! वाघ आहे वाघ!"

"मी बघितली नाही अजून."

"बघायचं काय त्यात? दुसरी ती काळी म्हणजे गुराख्यांची खटारी. ती घेतलीत तर लोक हसतील. आणि कुआंदिकला, आपल्या क्वाकेला, काय वाटेल? त्यानं एवढं दिलं आणि तुम्ही हलकं उचललंत!"

"तुला फार काळजी क्वाकेची," बाल्किया म्हणाली.

"मामी, मी मामाच्या मानाचं बोलतोय." त्याने ताटातल्या हाडातला मगज चोखून काढला, बोटे एकेक करून चाटली आणि मग तोच हात मेजावरच्या कापडाला पुसला. "मामा लाल गाडीवर बसला तर मला किती अभिमान वाटेल!"

"आणि मग तुझं तिसरं मागणं आठवेल," बाल्किया म्हणाली.

"छे, मामी!" बेकझात हसला. हसताना त्याचे तोंड हुबेहूब झिबाशचे व्हायचे. खालचा ओठ तसाच डावीकडे सरकायचा. एर्गाझीला हेच सर्वांत किळसवाणे वाटे. बहिणीचे तोंड कोणीतरी चोरून असल्या कामाला वापरावे, तसे.

गुरुवारी तो आणि बाल्किया औषधांची पेटी घेऊन कुआंदिकच्या छपरात गेले. बेकझात तिथे आधीच येऊन उभा होता.

लाल मोटारसायकल बुटकी, पुढून खाली दबलेली. टक्कर द्यायला निघालेल्या मेंढ्यासारखे तिचे डोके होते आणि मागची सीट उंच, कुल्ले वर केल्यासारखी. कुआंदिकच्या मुलाने ती एक उन्हाळा पळवली, पडला, पुन्हा तिच्यावर बसणार नाही अशी आईजवळ शपथ घेतली आणि शहरात निघून गेला. काळी तिच्या शेजारी खांबासारखी सरळ उभी होती. रुंद हँडल, सपाट सीट, मागे लोखंडी जाळी. टाकीवर एक पोचा होता आणि त्यात थोडे वाळलेले शेण.

एर्गाझी लालवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा पालथा पडला. पोट टाकीवर आले, सगळा भार मनगटांवर गेला, पाय मागे दुमडले, आणि अधू खुब्यातून अशी कळ आली की त्याने दात आवळले. मान वर करून बघितले तर समोर चार हातांपर्यंतची जमीन दिसे, त्याच्या पुढे काही नाही.

"वा, मामा! तरुण दिसताय!" बेकझात म्हणाला.

"जंताचं औषध पाजताना मेंढीला धरतात ना, तसे दिसताय," बाल्किया म्हणाली. "आणि मी मागे बसले तर काय, झाडावर चढल्यासारखी?"

बेकझातने चालू करून दाखवायचा हट्ट धरला. इंजिन चालू झाले ते मात्र खरेच देखणे होते. त्याने दुधाचा भरलेला पेला टाकीवर ठेवला. दुधावर वळीसुद्धा उठली नाही. एर्गाझीने ते पाहिले आणि मनातल्या मनात मान्य केले.

मग तो काळीवर बसला. पाठ सरळ, गुडघे मोकळे, खुबा गप्प. छपराच्या दारातून समोर माळ दिसत होता, आणि पार टेकडीच्या कडेला गवतात आडवी पडलेली एक मेंढी दिसली. खाली पडलेले जनावर आधी डोळ्यांना दिसावे लागते, मग त्याच्यापर्यंत पोहोचायचे. एर्गाझीचे निम्मे काम तेवढेच होते. त्याने पेटी मागच्या जाळीवर बांधली. ती तिथे जन्मल्यासारखी बसली. किक मारली, आणि एकच सिलिंडर असलेले ते इंजिन असे धडधडायला लागले की पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजू लागल्या.

"अगं बाई, बाटल्यांना हुडहुडी भरली," बाल्किया म्हणाली.

"हीच," एर्गाझी म्हणाला.

 बेकझातने लालच्या टाकीवरचा दुधाचा पेला उचलून पिऊन टाकला आणि मिशी पुसली.

मेजवानीच्या दिवशी कुआंदिकच्या आवारात सगळे गाव होते. दोन्ही मोटारसायकली धुऊन फाटकाशी, त्या सोनेरी दातांच्या सिंहांखाली उभ्या केल्या होत्या. लालच्या हँडलला रेशमी फीत होती. काळीला नव्हती. कुआंदिकने एर्गाझीच्या खांद्यावर निळ्या मखमलीचा, जरीकाठी, घोट्यापर्यंतचा झगा चढवला, दोन्ही गालांवर मुके घेतले, तेही ओले, आणि मोठ्याने विचारले, "एरेके, बोला! कुठल्या वाहनावर बसवू?"

लोक लालकडे बघत होते. कुआंदिकचा हात तर आधीच फितीवर गेला होता.

"काळीवर," एर्गाझी म्हणाला.

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. कुआंदिकचा चेहरा आंबला. "एरेके, ती गुराख्यांची आहे."

"मग बरोबर आहे. मी गुरांकडेच जातो."

आता लोक उघड हसले, पण डॉक्टरच्या बाजूने. कुआंदिकलाही हसावे लागले. तो काळीचे हँडल धरणार, तेवढ्यात बेकझात गर्दीतून पुढे आला. चेहरा लाल, शर्टाच्या छातीवर कुमिसाचा ओघळ.

"थांबा, क्वाके!" तो म्हणाला. "मामा, सगळ्यांदेखत बोलतो. माझं एक मागणं शिल्लक आहे. मी माझ्या आईच्या नावानं मागतो. तुम्ही लाल घ्यायची, आणि ती मला द्यायची."

 मागणे चतुर होते. वाहन एकच मिळणार होते; लाल घेऊन भाच्याला दिली, तर डॉक्टर जरीचा झगा घालून पायी घरी जाणार होता. हे सगळ्यांना दिसत होते, आणि तरी नाही म्हणायचे नसते हेही सगळ्यांना ठाऊक होते. कोपऱ्यात कानशायिम आपा पाटावर बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ती म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा, मागितलं की रे यानं."

एर्गाझीने भाच्याकडे पाहिले. झिबाशचा ओठ डावीकडे सरकला होता. त्याला ट्रकखालची कुत्री दिसली, माशा बसलेले खोगीर दिसले, आणि अक्साईच्या त्या अकरा मेंढ्या, पाय ताठ झालेल्या.  रिवाज मोडायला तो घाबरत नव्हता असे नाही. तो घाबरला होता. त्याच्याकडे होते काय? दोन हात.

"नाही," तो म्हणाला.

"काय?" बेकझातला खरेच ऐकू आले नव्हते.

"नाही देत. तू आईचं नाव घेतलंस म्हणून तर अजिबात नाही. झिबाशनं जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. तुझं तिसरं मागणं माझ्याकडे तसंच शिल्लक राहील. मरेपर्यंत."

"एर्गाझी, हात जातील रे!" कानशायिम आपा ओरडली.

"गेले तर गेले, आपा. हे तोंड बघून माझं जेवण तरी जायला नको."

कुआंदिक गोंधळून उभा होता. मग काहीतरी करायचे म्हणून त्याने काळीचे हँडल धरले, एर्गाझीला बसवले आणि घोड्याला लगाम धरून चालवतात तशी दहा पावले ढकलत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हलक्या. सगळ्यांची नजर झग्याच्या बाह्यांतून बाहेर आलेल्या त्या दोन हातांवर होती.

जेवणात मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचे उकडलेले डोके ठेवतात. त्याने ते स्वतः कापून ज्याला जे शोभेल ते वाटायचे असते. त्या दिवशी ते डोके आणि धारदार सुरी एर्गाझीपुढे आली, आणि पन्नास माणसे चघळायची थांबली. एर्गाझीने बाह्या वर केल्या. गालाचा तुकडा कापला, तो कुआंदिकला दिला. डोळा काढला, तो कानशायिम आपाला. तिने तो घेतला, पण पाहिले सुरीकडे. मग त्याने एक कान मुळापासून, एकाच झटक्यात, कागदासारखा वेगळा केला. कान लहान पोरांना देतात, मोठ्यांचे ऐकावे म्हणून. एर्गाझीने तो सुरीच्या टोकावर धरून मेजापलीकडे बेकझातपुढे केला.

"घे," तो म्हणाला. "तुझ्या वयाला उशीरच झाला."

सुरीचे टोक दोरा ओवण्याइतके स्थिर होते. बेकझात उठून गेला. कान ताटात राहिला. तो शेवटी कुत्र्याने खाल्ला.

खरा प्रकार पुढे झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात अक्साईहून निरोप आला आणि एर्गाझी सव्वा तासात तिथे पोहोचला. एकही मेंढी मेली नव्हती. मेंढपाळाच्या बायकोने कुमिसाचा वाडगा पुढे केला. एर्गाझीने तो घेतला, आणि वाडगा थरथरू लागला. कुमिस त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत सांडले. सत्तेचाळीस किलोमीटर ते एका सिलिंडरचे इंजिन हातात धरून बसलेला माणूस होता तो. त्याच्या बोटांत अजून ते धडधडत होते. पण त्या बाईने एवढेच पाहिले की डॉक्टरचे हात थरथरतात. तिने नवऱ्याकडे बघितले आणि दोघांनी माना खाली घातल्या.

संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा तळांवर कळले.

"अहो, इंजिन आहे ते!" एर्गाझी सगळ्यांना सांगे.

"हो हो, इंजिनच," लोक म्हणत. मरायला टेकलेल्या माणसाला आज तुम्ही बरे दिसता असे सांगतात, तो सूर. एकाने तर लाजत लाजत विचारले, की सुई माझ्या मेव्हण्यानं टोचली तर चालेल का, त्याचा कोणी भाचाच नाही. एर्गाझीचा ओठ सगळा उन्हाळा खाली आला नाही. लालवर दुधाचा पेलासुद्धा हलला नव्हता, हे त्याला प्रत्येक वेळी आठवे आणि आणखी चीड येई.

मग त्याने आपली एक रीत बसवली. तळावर पोहोचले की कोणाशी न बोलता एखाद्या दगडावर बसायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे. दहा मिनिटांत बोटे शांत होत. मग उठून कामाला लागायचे. लोक दुरून बघत आणि डॉक्टर शापावर मंत्र म्हणतो असे समजत. समजोत. त्या उन्हाळ्यात उशिरा पोहोचल्यामुळे एकही जनावर मेले नाही. लाल मोटारसायकल कुआंदिकच्या छपरात परत गेली आणि तिच्या उंच सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

ऑक्टोबरात बेकझात पुन्हा आला. जणू काही झालेच नाही असा जोडे न पुसता आत येऊन बसला, आणि बाउरसाकच्या तळलेल्या गोळ्यांत हात घालून मऊ कुठला ते दाबून दाबून पाहू लागला.

"मामा, ऐकलं ते खरं का हो?" तो म्हणाला. "हातांचं? मला फार वाईट वाटलं. मी मनातून शाप दिला नव्हता हं."

बाल्कियाने पेला काठोकाठ भरला. त्याच्यापर्यंत तो तिने नेण्याआधीच एर्गाझीने तिच्या हातातून घेतला. चहा काठाच्याही वर फुगून उभा होता. एर्गाझीने पेला दोन बोटांत धरून पूर्ण मेजावरून, पांढऱ्या धुतलेल्या कापडावरून, सावकाश पलीकडे नेला आणि भाच्याच्या पुढ्यात ठेवला. बेकझात कापडाकडे बघत राहिला. कापडावर एक थेंबही नव्हता.

"पी," एर्गाझी म्हणाला. "आणि नीघ. पेला काठोकाठ भरण्याचा अर्थ तुला छत्तीस वर्षांत कोणी सांगितला नाही, म्हणून मी सांगतो."

बेकझातने या वेळी वाकून ओठ लावले नाहीत. तो उठला, टोपी घेतली आणि चहा तसाच टाकून गेला. ताटातल्या ज्या चार गोळ्यांना त्याने बोटे लावली होती ते बाल्कियाने वेगळे काढले.

"कोंबड्यांना घालू का?" तिने विचारले.

"कोंबड्यांनी काय पाप केलंय?" एर्गाझी म्हणाला. "चुलीत टाक. आणि तो पेला उकळत्या पाण्यानं धू."

त्याने पेटी उचलली. टेकडीपलीकडच्या तळावर एक गाय विणार होती, आणि त्याला हात शांत करायला दहा मिनिटे जास्त धरून निघायचे होते.